विहीणबाईंपुरतं कोरियन

इंदूमावशींच्या फ्रिजमध्ये काहीही निनावी नसे. प्रत्येक डब्यावर पांढरी चिकटपट्टी, त्यावर काळ्या पेनाने पदार्थाचं नाव, तारीख, आणि खाली 'तपासलं – इं. शे.' अशी सही. दह्यावर सही, वाटणावर सही, परवाच्या उरलेल्या भरल्या वांग्यावरसुद्धा सही. मी अमेरिकेत पार्सिपनीला त्यांच्या शेजारच्या घरात राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या, दार उघडताच थेट स्वयंपाकघरात गेल्या, माझा फ्रिज उघडला आणि आतला वरणाचा वाडगा बाहेर काढून विचारलं, "हे कधीचं?" मला सांगता येईना. त्यांनी तो सिंकमध्ये ओतला आणि मग विचारलं, "तुझं नाव काय?"

नाव मी सांगितलं, पण ते त्यांनी कधी वापरलं नाही. मी नागपूरचा, म्हणून 'नागपूरकर'. त्या स्वतः सांगलीच्या. शिकल्या मिरजेला, आणि नवऱ्याबरोबर अमेरिकेत आल्या तेव्हा इथे कोथिंबीरही मिळत नसे. पुढे पस्तीस वर्षं एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम केलं. डॉक्टर खऱ्या, पण पेशंट त्यांनी फारसे पाहिलेच नाहीत. त्यांचे पेशंट काचपट्टीवर यायचे. मायक्रोस्कोपखाली बघायचं आणि जे आहे ते लिहायचं, एवढंच काम. "रिपोर्टात 'कृपया' लिहीत नाहीत," असं त्या म्हणत, आणि त्यांच्या बोलण्यातही ते क्वचितच येई. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत कुणी चकलीबद्दल मत विचारलं तर त्या मत देत. लोक दुसऱ्यांदा विचारत नसत.

मी मात्र विचारत राहिलो. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा अभय सून आणि नातीसह अर्ध्या तासावर राहत होता, आणि माझी आई नागपुरात. आम्हा दोघांनाही बोलायला कुणीतरी हवं होतं. त्या मला शनिवारी पिठलं देत आणि माझ्या बोलण्यातला 'यार' मोजत. तीनपेक्षा जास्त झाले की पिठल्यावर तेल मिळत नसे.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी गाडी चालवणं सोडलं. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून सांगितलं की येत्या शनिवारपासून सकाळी दहाला मी त्यांना लायब्ररीत न्यायचं आहे, आठ शनिवार, आणि अभयला यातलं काही कळता कामा नये. मी म्हटलं, लायब्ररीत काय आहे? त्यांनी एक कागद पुढे केला. नवशिक्यांसाठी कोरियन : अभिवादन आणि शिष्टाचार. प्रवेश सर्वांना खुला.

कारण त्यांनी मला पहिल्या शनिवारी गाडीत सांगितलं. रिपोर्ट वाचावा तसं सांगितलं, स्वतःला कुठेही झाकून न घेता.

त्यांची सून सोरा कोरियन. जन्म इथला, पण तिची आई कोरियातून आलेली, आता एकटी पॅलिसेड्स पार्कला राहणारी. तिथे दुकानांच्या पाट्या कोरियन, डेंटिस्ट कोरियन, चर्च कोरियन, त्यामुळे बाईंना इंग्रजीची गरज कधी पडलीच नाही. दोन वर्षांपूर्वी, लग्न ठरल्यावर, त्या पहिल्यांदा इंदूमावशींकडे आल्या. येताना किमचीची मोठी बरणी आणली, दोन्ही हातांनी पुढे केली. मावशी शाकाहारी. किमचीत माशाचा रस असतो हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. एका हाताने बरणी घेतली, ओट्यावर ठेवली, चहा झाला, आणि पाहुणे निघताना ती बरणी तशीच परत दिली. वर पट्टी लावून. इंग्रजीत : 'फिश. रिटर्न.' खाली सही, तपासलं, आय. एस.

"मी म्हटलं, वाया कशाला घालवायची," मावशी म्हणाल्या. "मला ते सरळ वाटलं."

विहीणबाईंनी बरणी घेतली, मान लववली आणि गेल्या. लग्न झालं, नात झाली, पण त्यानंतर त्या मावशींच्या घरी आल्या नाहीत. नात मिना झाल्यावर महिन्याभराने अभय बोलता बोलता म्हणून गेला की ती किमची सोराच्या आईने मुद्दाम मासा न घालता केली होती. जावयाची आई शाकाहारी म्हणून समुद्री शेवाळाचा काढा करून त्यात. तीन दिवस लागले होते.

"मी त्याला म्हटलं, मला तेव्हाच का नाही सांगितलंस? तो म्हणाला, आई, तू विचारलंस कुठे?"

लायब्ररीच्या पार्किंगमध्ये पोचल्यावर म्हणाल्या, "पस्तीस वर्षांत मी स्लाइड न बघता एका रिपोर्टावर सही केली नाही, नागपूरकर. ती एकच केली."

त्यांना विहीणबाईंची माफी मागायची होती. मिनाचा पहिला वाढदिवस मार्चमध्ये होता, आणि कोरियन लोकांत पहिला वाढदिवस लग्नासारखा करतात. तो मावशींच्या घरी व्हावा आणि त्याला विहीणबाई याव्यात, एवढंच त्यांना हवं होतं. सोरा मावशींशी अतिशय नीट वागत असे, पण आईकडचा एकही डबा या घरात आणत नसे. "रिकाम्या हाताने येते ती. बोलत नाही काही, पण मला दर वेळी ते दिसतं," मावशी म्हणाल्या. मी सुचवलं की सोराकडून निरोप पाठवा, नाहीतर फोनवर भाषांतराचं ॲप आहे. त्यांनी माझ्याकडे त्या वरणाच्या वाडग्याकडे पाहिलं होतं तसं पाहिलं. "चूक मी केली आणि माफी फोन मागणार?"

वर्गात बारा जण होतो. नऊ शाळकरी मुली, ज्यांना कोरियन गाणी पाठ होती, एक निवृत्त पोस्टमन, मावशी आणि मी. मी बाहेर बसणार होतो, पण शिकवणाऱ्या मिस युन यांनी मला आत बोलावून खुर्ची दिली. तिशीतल्या, बुटक्या, हसऱ्या. मावशींनी पहिल्याच दिवशी त्यांचं 'युनबाई' करून टाकलं. कोरियनमध्ये शिक्षकाला नावाने हाक मारत नाहीत, सॉन्सेंगनिम म्हणतात, हे कळल्यावर मावशी म्हणाल्या, "म्हणजे बाईच. मी बरोबरच म्हणते."

युनबाईंनी फळ्यावर शब्द लिहिले नाहीत. आधी सगळ्यांना उभं केलं. नमस्कार तोंडाने नंतर, पाठीने आधी, असं त्यांचं म्हणणं. बरोबरीच्याला मान, मोठ्याला कंबरेतून. 'आन्यॉन्ग हासेयो' म्हणत मुली खाली वाकल्या, पोस्टमनकाका गुडघा धरून वाकले, मावशी मात्र ताठ. हनुवटी फक्त अर्धा इंच खाली आली. युनबाईंनी विचारलं, पाठ दुखते का? मावशी म्हणाल्या, "नाही. सवय नाही." वर्गात सगळ्यात मोठ्या त्याच होत्या, त्यामुळे वाकून दाखवायला त्यांच्यापेक्षा मोठं कुणी नव्हतंच, हीही अडचण होती.

बाकी शब्द त्यांनी झपाट्याने उचलले. प्रत्येक शब्दाला एक कार्ड, कार्डावर युनबाईंकडून घेतलेली कोरियन अक्षरं, तारीख आणि सही. 'कामसाहाम्निदा' म्हणजे आभारी आहे, याचा त्यांनी गाडीत सिग्नलगणिक सराव केला. देताना दोन हात, घेताना दोन हात, हे शिकवलं त्या दिवशी परतताना त्या स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहत होत्या. मी टोलचं कार्ड एका हाताने पुढे केलं तर मला ओरडल्या.

एका शनिवारी नात्यांचे शब्द आले आणि मावशी फुलल्या. कोरियन लोक अनोळखी बाईलाही मावशी म्हणतात. खानावळीत वाढणारी, बाजारात भाजी विकणारी, कुणीही असो, तिला 'इमो' हाक मारतात आणि इमो म्हणजे आईची बहीण. मुलाच्या सासूलासुद्धा त्यांच्याकडे खास शब्द आहे : साबुइन. मावशींनी ते कार्ड हातात धरून ठेवलं. दोन वर्षं त्या इंग्रजीत 'माय सन्स मदर-इन-लॉ' असं म्हणत आल्या होत्या आणि दर वेळी समोरचा बोटांवर हिशेब करत असे. "इंग्रजीत विहीण नाही रे," त्या म्हणाल्या. "यांच्यात आहे."

पाचव्या शनिवारी त्यांनी हात वर केला आणि माफीचा शब्द विचारला. सगळ्यात मोठा. युनबाईंनी दोन सांगितले. एक रोजचा, आणि दुसरा जास्त खाली झुकून म्हणायचा : च्वेसोंगहाम्निदा. मावशींनी तो स्वच्छ उच्चारला आणि लगेच पुढे इंग्रजीत जोडलं, कारण मला माहिती देण्यात आली नव्हती. मुली हसल्या. युनबाई हसल्या नाहीत. त्यांनी मावशींच्या जवळ येऊन हळूच सांगितलं की कारण सांगायचं नसतं. तो शब्द म्हणायचा, वाकायचं आणि थांबायचं. पुढचं समोरच्याने ठरवायचं.

"आणि समोरची काहीच नाही बोलली तर?" मावशींनी विचारलं.

"तर तुम्ही अजून थोडं थांबायचं," युनबाई म्हणाल्या.

हे मावशींना जमेना. पुढचे तीन आठवडे मी त्यांच्या हॉलमध्ये विहीणबाई होऊन उभा राहिलो. त्या येत, शब्द म्हणत, आणि ओठ मिटायच्या आत 'कारण' बाहेर पडे. अभयने सांगायला हवं होतं. लेबल लावायची सवय आहे. शाकाहाराचं लोक इथे गंभीरपणे घेत नाहीत. सगळी कारणं खरी होती, हीच पंचाईत. शेवटी एकदा त्या सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "काकांनाही मी कधी सॉरी म्हटलं नाही. नेहमी कारण सांगितलं. ते ऐकून घेत." मग उठल्या आणि पुन्हा दारापासून सुरुवात केली.

त्याच सुमारास अजून एका गोष्टीवरून त्यांचं युनबाईंशी वाजलं. कोरियन लोक भेटल्यावर विचारतात, 'शिक्सा हाश्यॉस्सॉयो?' जेवलात का? युनबाईंनी समजावलं की हा जेवणाचा प्रश्न नव्हे, विचारपूस आहे, त्यावर फक्त 'ने', म्हणजे हो, म्हणायचं आणि पुढे जायचं. हे मला लगेच पटलं. आपणही दुसऱ्याच्या दारात उपाशीपोटी 'आत्ताच झालं' म्हणतोच. मावशींना मात्र पटलं नाही. न जेवता जेवले म्हणणं म्हणजे खोटा रिपोर्ट. युनबाईंनी दोनदा सांगितलं, मुलींनी सांगितलं, पोस्टमनकाकांनीही सांगितलं. मावशींनी कार्डावर 'ने' लिहून घेतलं, पण सही केली नाही. माझ्या ते लक्षात होतं.

आठवा वर्ग संपला त्या दुपारी त्यांनी मला घरी जाऊ दिलं नाही. मागच्या सीटवरची पिशवी त्यांनी मांडीवर घेतली, त्यात गोड लिंबाच्या लोणच्याची बरणी. बरणीवर पट्टी, पट्टीवर युनबाईंकडून लिहून घेतलेल्या कोरियन अक्षरांत चार शब्द : लिंबू, मीठ, साखर, तिखट. पत्ता त्यांच्याकडे लग्नाच्या यादीतून होता. पॅलिसेड्स पार्क येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं त्यांनी, माझं डोनटसुद्धा नाकारलं होतं. मी एकदा विचारलं, मावशी, टेन्शन आलंय का? त्या म्हणाल्या, "मी तयार आहे. तयार असलेल्याला टेन्शन येत नाही." हात मात्र बरणीच्या झाकणावरून काढला नाही.

विहीणबाई एका दुकानावरच्या मजल्यावर राहत. जिना अरुंद, म्हणून मी दोन पायऱ्या खाली थांबलो. मावशींनी बेल दाबली. दार उघडलं ती बाई मावशींच्या खांद्याइतकी, ॲप्रन घातलेली, चष्मा कपाळावर सरकवलेला. मावशींना पाहून तिने चष्मा डोळ्यांवर ओढला.

मावशी वाकल्या. मी आठ आठवडे ती पाठ पाहिली होती, ती इतकी खाली जाईल असं मला वाटलं नव्हतं. बरणी दोन्ही हातांत पुढे, मान खाली, आणि म्हणाल्या, "साबुइन, च्वेसोंगहाम्निदा."

आणि थांबल्या. मला बाजूने त्यांचे ओठ दिसत होते. 'कारण' तिथपर्यंत आलं होतं. ओठ हलले. मग त्यांनी ते गिळलं.

विहीणबाई काही बोलल्या नाहीत. खालच्या दुकानाचं दार उघडून मिटल्याचा आवाज आला. मावशी वाकलेल्याच. मला वाटलं आता पुरे, आता मी वर जाऊन काहीतरी बोलावं. शेवटी विहीणबाईंनी बरणी घेतली, दोन्ही हातांनी, पट्टीवरची अक्षरं वाचली, आणि काय बोलावं हे न सुचल्यासारखं, दारात आलेल्या कुणालाही विचारावं तसं विचारलं, "शिक्सा हाश्यॉस्सॉयो?"

मी खालून मनात म्हणत होतो, ने, मावशी, ने म्हणा.

मावशी सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "आनियो."

नाही.

विहीणबाई क्षणभर बघतच राहिल्या. असं उत्तर त्यांना आयुष्यात फार कुणी दिलं नसावं. पण दारात आलेली म्हातारी बाई उपाशी आहे म्हटल्यावर कोणत्याही देशातल्या बाईला एकच गोष्ट करता येते. त्यांनी मावशींचं मनगट धरलं आणि आत ओढलं. मग जिन्यात डोकावून मलाही हाताने बोलावलं. मी बूट काढायच्या आत गॅस पेटला होता.

भात आला, टोफूचं गरम सार आलं, पालकाची भाजी आली आणि शेवटी एका पांढऱ्या वाडग्यात किमची. जावई दर आठवड्याला येतो, तोही आईसारखा शाकाहारी, म्हणून ती घरात कायमच असे, हे आम्हाला नंतर सोराकडून कळलं. विहीणबाईंनी वाडगा ठेवला, त्याच्याकडे बोट केलं आणि त्यांच्याजवळ असलेल्या मोजक्या इंग्रजीतून म्हणायला सुरुवात केली, "नो फि—"

त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मावशींनी मोठा तुकडा तोंडात घातला होता. काहीही न विचारता. त्या चावत राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सांगलीच्या बाईला तिखटाने पाणी येत नाही. त्या रडत होत्या, मला ते स्वच्छ दिसलं आणि विहीणबाईंनाही. त्यांनी रुमाल दिला नाही, काही समजावलं नाही, वाडगा अजून थोडा पुढे सरकवला. मावशींनी तो संपवला आणि हात जोडून म्हणाल्या, "चाल मॉगॉस्सुम्निदा." छान जेवले.

परतताना गाडीत त्या बोलल्या. "आठ आठवडे शिकले, आणि जी गोष्ट शिकले नाही तिनेच काम केलं."

मिनाचा वाढदिवस मावशींच्या घरी झाला. सोरा दारातून आत आली ती हातात तीन डबे घेऊन, आणि मावशींनी ते घेण्याआधी स्वतःच्या हातातला कॅमेरा अभयकडे दिला, कारण दोन्ही हात मोकळे हवेत. विहीणबाई सकाळपासूनच स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी मावशींचा फ्रिज उघडला, पट्ट्या पाहिल्या आणि इतक्या हसल्या की सोरा धावत आली.

त्यानंतर दीड वर्षाने माझी नोकरी बदलली आणि मी टेक्सासला, अर्विंगला आलो. इंदूमावशी गेल्या त्याला आता वर्ष होईल. झोपेत गेल्या. अभयचा फोन आला तेव्हा मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बराच वेळ तिथेच बसून रडलो. माझी आई तिकडे आहे, पण इथे माझ्या शिळ्या वरणाची चौकशी करणारं दुसरं कुणी नव्हतं.

पण मला त्या दिसतात त्या निरोपाच्या दिवशीच्या. मी सांगायला गेलो तर गॅरेजमध्ये वर्तमानपत्रं पसरलेली, त्यावर कोबीच्या पाल्याचे ढीग, आणि दोन म्हाताऱ्या समोरासमोर बुटक्या स्टुलांवर बसलेल्या, कोपरापर्यंत लाल हातमोजे. दोघींत मिळून चाळीसेक कोरियन आणि दहा इंग्रजी शब्द. बाकी मावशी मराठीतच बोलत होत्या, आणि विहीणबाई त्यावर कोरियनमध्ये वाद घालत होत्या. मीठ कमी की जास्त यावर चाललं होतं, आणि मावशी हरत होत्या. मला त्यात गंमत वाटली, कारण मी त्यांना कधी हरताना पाहिलं नव्हतं.

मी निघालो तेव्हा दोघी हातमोजे काढून गाडीपर्यंत आल्या. मी कंबरेतून वाकून नमस्कार केला. मावशी म्हणाल्या, "अजून खाली. पाठ आहे का पाटी?" मग त्यांनी एक बरणी दोन्ही हातांनी माझ्यापुढे केली. मी ती दोन्ही हातांनी घेतली. "येतो," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "ये. आणि वरण तीन दिवसांवर ठेवू नकोस."

रस्त्याच्या वळणावर थांबून मी पट्टी वाचली. काळं पेन, तेच अक्षर, तारीख. 'किमची. मासा नाही. परत करू नये.' खाली 'तपासलं', आणि त्यापुढे जिथे नेहमी इं. शे. असायचं, तिथे दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने लिहिलेली तीन कोरियन अक्षरं होती. ती मला वाचता आली. साबुइन.